24 हजारांचा फरक आणि दोन वर्षांची थकबाकी

24 मार्च 2025, सोमवार. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू, आर्थिक वर्ष संपायला आठवडा, आणि खासदारांच्या नव्या दरांची अधिसूचना टेबलावर आली. मासिक वेतन 1,00,000 वरून 1,24,000, दैनिक भत्ता 2,000 वरून 2,500, माजी सदस्यांचं पेन्शन 25,000 वरून 31,000. दिवसभर बातम्यांत हेच आकडे फिरत होते. लोकसभा सचिवालयातल्या आमच्या हिशेबाच्या टेबलांवर मात्र सगळ्यांची नजर शेवटच्या ओळीवर: लागू 1 एप्रिल 2023 पासून.

दराचं कुणाला नवल वाटलं नाही. 2018 च्या दुरुस्तीपासून हे वेतन दर पाच वर्षांनी आयकरातल्या कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्सवर, म्हणजे महागाईच्या निर्देशांकावर, बदलतं. 2018-19 चा इंडेक्स 280, 2023-24 चा 348. भागाकार 1.2429. दुसरा आकडा एप्रिल 2023 मध्येच जाहीर झाला होता, त्यामुळे दर किती होणार हे कॅल्क्युलेटर हाताशी असलेल्या कुणालाही काढता येत होतं. कधी होणार, एवढंच ठाऊक नव्हतं.

लोकसभा सचिवालय हे सरकारी खातं नाही. तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी लावून धरल्यामुळे 10 जानेवारी 1929 ला त्या विधिमंडळाची कचेरी सरकारपासून वेगळी झाली, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 98 ने प्रत्येक सभागृहाला स्वतःचं सचिवालय दिलं. भरतीचे नियम स्वतःचे, 1955 चे. वेतन व लेखा कार्यालयही स्वतःचं. खासदारांचा पगार याच तिजोरीतून जातो, पण त्याचा दर कायदा ठरवतो आणि अधिसूचना सरकार काढतं. आम्ही नुसते वाटप करणारे.

आदल्याच शुक्रवारी, 21 तारखेला, गिलोटिन लागून, म्हणजे चर्चा थांबवून, खात्यांच्या खर्चाच्या उरलेल्या सगळ्या मागण्या एका झटक्यात मंजूर झाल्या होत्या. त्यात लोकसभेची स्वतःची, 2025-26 साठीची 900 कोटींवरची मागणीही होती. (अध्यक्ष-उपाध्यक्षांचं वेतन मात्र भारित खर्च, त्यावर मतदान होत नाही. उपाध्यक्षांची खुर्ची 2019 पासून रिकामी आहे, तरी त्या शीर्षात दोघांचीही नावं असतात.)

आता थकबाकी. 543 गुणिले 24,000 गुणिले 24 महिने, म्हणजे 31 कोटी 27 लाखांच्या आसपास. ही झाली वरची मर्यादा. इतकी रक्कम कधीच निघत नाही, कारण 543 माणसं सलग चोवीस महिने सदस्य नसतात. सतरावी लोकसभा 5 जून 2024 ला विसर्जित झाली, अठरावीच्या सदस्यांची मुदत दुसऱ्या दिवसापासून. पुन्हा निवडून आलेल्यांचा हिशेब सलग. पडलेल्यांचा 5 जूनला तुटतो आणि तिथून पेन्शनचा फरक सुरू होतो. मंत्र्यांचा पगार आमच्या बिलात येतच नाही, म्हणून जूनमध्ये मंत्रिपद गेलेला खासदार आमच्या यादीत अध्येमध्ये उगवतो. जुनी यादी जशीच्या तशी पुढे ओढली की चूक हमखास याच ठिकाणी होते: एकाच महिन्याची रक्कम दोन्हीकडून निघते, किंवा कुठूनच निघत नाही.

वेतनाचं निदान गणित तरी सरळ. भत्त्याचं काम किचकट. दिवसाला फरक फक्त 500 रुपयांचा, पण तो हजेरीच्या सहीला बांधलेला: सही नाही, तर भत्ता नाही. मधल्या सुट्ट्यांना सही लागत नाही. समित्यांच्या बैठकांची हजेरी निराळी, आणि अधिवेशनाच्या आगेमागे मुक्कामाचे दिवस धरायचे ते निराळेच. म्हणजे दोन वर्षांची हजेरी सदस्यागणिक पुन्हा लावायची. शिवाय 31 मार्चपर्यंत बिल पास झालं नाही, तर तो खर्च पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर बसतो.

सगळ्यात जपून करायची ती मधेच रिकाम्या झालेल्या जागांची प्रकरणं, कारण ती रक्कम वारसांकडे जाते आणि कागद वेगळे लागतात. महाराष्ट्रातल्याच दोन जागा घ्या. चंद्रपूरचे खासदार 30 मे 2023 ला गेले. एप्रिलचे 24,000. मे 31 दिवसांचा, म्हणून 24,000 गुणिले 30 भागिले 31, म्हणजे 23,226. एकूण 47,226. पुण्याचे खासदार त्याच वर्षी 29 मार्चला गेले होते. 1 एप्रिलच्या तीन दिवस आधी. त्या रकान्यात शून्य.