आमच्या गावची हजेरी

लाटवियातला सगळ्यात उंच डोंगर गाइझिन्यकल्न्स. उंची ३१२ मीटर. कळसूबाई चढून आलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येतं, आणि मीही पहिल्या वर्षी हसले. पण गावासमोर हसायचं नसतं हे लवकरच कळलं. आमचं गाव त्याच भागात, विद्झेमेमध्ये, मादोना शहराकडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर. गाव म्हणजे आपल्यासारखी भिंतीला भिंत लागून वस्ती नव्हे. एक चौक, त्यात दुकान, वाचनालय, बंद पडलेली शाळा, बसथांबा आणि तौतस नम्स, म्हणजे गावचं सभागृह. बाकी घरं शेतात नाहीतर जंगलाच्या कडेला विखुरलेली. घरांना क्रमांक नाहीत, नावं आहेत. पत्रं त्या नावावरच येतात आणि माणूसही घराच्या नावानंच ओळखला जातो. या लेखात मात्र मी घराचं किंवा माणसाचं, कुणाचंच नाव लिहीत नाही. आमच्याकडच्या माणसांना चारचौघांत स्वतःचं नाव घेतलेलं रुचत नाही. ज्याचं त्याला कळेल.

मी इथली सून. तौतस नम्सच्या गायनवृंदात आल्टोंच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या, रांगेत उभी राहते आणि प्रत्येक समारंभाला जेवणाची टेबलं सांभाळते. तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

वर्षभराच्या कार्यक्रमांतले काही सांगण्यासारखे नाहीतच. १८ नोव्हेंबरला स्वातंत्र्यदिन, १९१८ सालचा. झेंडा, राष्ट्रगीत, भाषण, प्रशस्तिपत्रकं, फुलं. फुलं विषम संख्येतच द्यायची. सम संख्येची फुलं मयताला. हे ठाऊक नसताना कुणी सहा गुलाब आणले तर दारातच त्यातला एक काढून घेणाऱ्या बाई आमच्याकडे आहेत. २०२१ साली देशातल्या ११९ पालिकांच्या ४३ केल्या, तेव्हापासून भाषण करणारे साहेब आणखी लांबून येतात आणि केक न खाताच निघतात. दर वर्षी मी त्यांचा तुकडा कापून ठेवते. दर वर्षी तो आमचा अकॉर्डियनवाला खातो.

खरा सण लीगोचा, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या मध्यावरचा. २३ जूनची संध्याकाळ आणि २४ जूनचा यानी. आधीचे दोन दिवस गावात कुणी रिकामा सापडत नाही. पिर्त्स, म्हणजे लाकडावर तापवायचं स्नानघर, सगळीकडे धुमसत असतं. फाटकांना बर्चच्या फांद्या बांधायच्या, बायकांनी रानफुलांची आणि पुरुषांनी ओकच्या पानांची वेणी डोक्यावर घालायची. यानिस नावाच्या माणसांचा हा नामदिवस, आणि इथे प्रत्येक घरात एक तरी यानिस असतोच. मग चीज. दूध तापवून त्यात दह्याचा ओला चक्का घालायचा, पाणी सुटलं की गाळून घ्यायचं, गरम असतानाच लोणी, अंडी, मीठ आणि कॅरवेच्या बिया घालून मळायचं, फडक्यात बांधायचं आणि वर दगड ठेवायचा. माझ्या सासूबाई फडक्याची गाठ मला अजून बांधू देत नाहीत. कॅरवेला मी एकदा शहाजिरं म्हटलं होतं, त्याची चेष्टा वर्षभर चालली.

सोव्हिएत राजवटीत या सणावर काही वर्षं बंदी होती. शेकोटी तेव्हाही पेटायचीच, असं गावातली जुनी माणसं सांगतात. फक्त रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी.

सूर्य मावळतो रात्री दहानंतर आणि पहाटे साडेचारला परत येतो. मधल्या वेळात झोपायचं नाही; लीगोच्या रात्री जो झोपला तो वर्षभर पेंगतो म्हणतात. शेकोटीवरून उड्या होतात, बियर होते, आणि मध्यरात्रीच्या आसपास एकमेकांना गाण्यात उणंदुणं काढणं सुरू होतं. मी वर्षभर वाट पाहते ती याची. चार ओळींची पदं असतात, प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी ‘लीगो, लीगो’ म्हणायचं. कुणाच्या बागेत तण माजलंय, कुणाच्या गवताचे भारे पावसात भिजले, कुणाचा नवरा मासे धरायला गेला आणि दुकानातले मासे घेऊन आला, सगळं निघतं. रागावायचं नाही. उत्तर द्यायचं, तेही गाण्यात.

यात आमच्या गावात एका बाईंचा हात कुणी धरत नाही. सामुदायिक शेतीच्या काळात त्या गोठ्याचे हिशेब ठेवायच्या. वय आता ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज पातळ पण सुरात. आयुष्यभर हिशेब ठेवल्यानं कुणाकडे काय थकलंय हे त्यांना तोंडपाठ. गावात आलेल्या माझ्या पहिल्याच लीगोला त्यांनी मला धरलं. मराठीत साधारण असं होईल:

सून आमची लांबची हो, जूनमध्येही कुडकुडे,
चीज खाते दोघींपुरतं, भांडी पाहून पळे पुढे!

गावानं ‘लीगो, लीगो’ म्हणून जो काही आवाज केला! माझं उत्तर तयार होईपर्यंत गाणं तिसऱ्याच माणसावर गेलं होतं. पुढच्या वर्षी मात्र मी तयारीनं गेले, नवऱ्याकडून यमकं तपासून घेऊन:

आजीबाईंच्या चष्म्यावर हो, धूर साठला शेकोटीचा,
घासून ठेवली भांडी तरी ढीग दिसतो कालचा!

त्या इतक्या हसल्या की डोक्यावरची फुलं खाली आली. त्या रात्रीपासून मी गावची झाले असं माझं मत आहे. नवऱ्याच्या मते मी गावची झाले ती बटाटे काढायला चारही रविवार आले तेव्हा.

या चार ओळींच्या गाण्यांना इथे दाइना म्हणतात. क्रिश्यानिस बारोन्स या गृहस्थांनी अशी दोन लाखांहून अधिक गाणी कागदाच्या चिटोऱ्यांवर उतरवून घेतलेली जमवली, छोट्या छोट्या खणांचं कपाट करून त्यात लावली आणि १८९४ ते १९१५ या काळात छापून काढली. ते कपाट राजधानी रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्याकडे गावोगाव फिरून अशाच लाखभर ओव्या गोळा केल्या. बाईनं काम करता करता रचलेलं, सासर, माहेर, सूर्य, भाऊ, मरण. हिशेबवाल्या बाईंना मी आजीची एक ओवी चाल लावून ऐकवली. त्या म्हणाल्या, ‘दळताना आम्हीही गायचो, पण तुमची चाल दमलेली आहे, आमची जरा उठून चालते.’ मला राग आला होता. घरी येऊन दोन्ही चाली म्हणून पाहिल्या आणि त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

याच बाई २५ मार्चला वेगळ्या असतात. १९४९ साली त्या दिवशी पहाटेपासून सोव्हिएत राजवटीनं लोकांना घरातून उचलून मालगाडीच्या डब्यांत घातलं आणि सायबेरियाला नेलं. त्या काही दिवसांत लाटवियातून ४२,००० च्या वर माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं फार. आजही त्या दिवशी झेंड्याला काळी फीत असते. आमच्याकडे स्मारकाच्या दगडापाशी पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम होतो. भाषण त्या करत नाहीत. दर वर्षी विचारलं जातं आणि दर वर्षी त्या नको म्हणतात. त्या फक्त यादी वाचतात. आधी घराचं नाव, मग त्या घरातली माणसं, मग वय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वयं तरी गाळायला हवी होती. ७१, ३४, ९, ५, चार महिने. यादीच्या मध्यावर त्यांच्या आईचं नाव येतं आणि लगेच त्यांचं स्वतःचं, वय पाच. आवाज वरही जात नाही, खालीही येत नाही. हिशेबाची वही वाचावी तशी पुढची ओळ. कागद घडी करून पर्समध्ये ठेवतात आणि मला विचारतात, ‘कॉफी गरम आहे ना?’

मार्चमध्ये हवा कशीही असो, या कार्यक्रमाला गर्दी व्हायला हवी. होत नाही. आणि हा माझा जुना राग आहे. लीगोला रीगाहून गाड्या भरभरून येतात, चुलतभाऊ, त्यांच्या मैत्रिणी, मैत्रिणींची कुत्री. चीजचे गोळे संपतात. एप्रिलच्या ताल्काला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या श्रमदानाला, यांपैकी कोण असतं? आयर्लंडला गेलेले तरी बरे. ते येत नाहीत, पण व्हिडिओवरून रडतात आणि माइकसाठी पैसे पाठवतात. १९८९ साली या देशात साडेसव्वीस लाखांवर माणसं होती, आता एकोणीस लाखही नाहीत. हा आकडा मला बातम्यांतून कळायची गरज पडत नाही. आमच्या गायनवृंदात बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, गाणारे तीन पुरुष उरलेत आणि त्यातला एक गवताच्या हंगामात ट्रॅक्टरवरून उतरत नाही.

रीगात शिकणारी काही मराठी मुलं मी एका लीगोला बोलावली होती. त्यांनी शेकोटीभोवती थेट विसर्जन मिरवणुकीतला नाच सुरू केला. मी घाबरले, पण अकॉर्डियनवाला बिचकला नाही, त्यानं ठेका उचलला आणि आमच्या गावचे सत्तरीतले पुरुष खांदे उडवत नाचले. जाताना मुलं म्हणाली, काकू, १८ नोव्हेंबरला नक्की. मी दहा जणांचा जास्तीचा रस्सा केला होता. असो. परीक्षा असतील.

लीगो संपला की गाव शांत होतं असं बाहेरच्यांना वाटतं. चॅन्टरेल नावाच्या पिवळ्या अळंब्या जुलैत येतात आणि मग शेजारी शेजाऱ्याला जंगलातली जागा सांगत नाही. रस्त्यात भेटला तर बादली पाठीमागे. आठवड्यातून ठरलेल्या वारी दुकानाची गाडी येते, तिथे भावापेक्षा बातम्या जास्त. ऑगस्टमध्ये करकोचे जातात. उन्हाळ्यात एका रविवारी दफनभूमीचा सण असतो: लोक आपापल्या माणसांच्या जागेवरची वाळू दंताळ्यानं रेघा पाडून सारखी करतात, फुलं लावतात, पाद्री वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, आणि नंतर गाडीची डिकी उघडून सगळे पीरागी, म्हणजे सारण भरून भाजलेले छोटे पाव, खातात. पहिल्यांदा हे मला विचित्र वाटलं होतं. आता माझ्याकडे स्वतःचं दंताळं आहे.

आणि नामदिवस. इथल्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेला दोन-तीन नावं छापलेली असतात. त्या दिवशी बोलावणं नसतं, लोक आपण होऊन येतात, केक तयार हवा. माझं नाव कॅलेंडरात असणं शक्यच नाही. पण कॅलेंडरात नसलेल्या सगळ्या नावांसाठी २२ मे ठेवलेला आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि फाटकातून सोप्रानोंची, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची, अख्खी रांग आत आली, हातात लायलॅक. घरात केक नव्हता. पोहे केले. पोह्यांची आठवण अजून काढतात, चांगली की वाईट ते विचारलेलं नाही.

२०२३ च्या जुलैत आमचा वृंद रीगाच्या गीत आणि नृत्य महोत्सवाला निवडला गेला. १८७३ साली पहिला भरला, म्हणजे हे दीडशेवं वर्ष, आणि सहभागी ४०,००० च्या वर. निवडीसाठी परीक्षकांपुढे गावं लागतं, ते सगळं मी सोडून देते; उत्तीर्ण झालो एवढं पुरे. आम्ही एका शाळेच्या वर्गात जमिनीवर गाद्या टाकून झोपलो. मेझापार्क्स इथल्या महोत्सवाच्या खुल्या मंचावर उन्हात तासन्‌तास तालीम. शेवटच्या रात्री कार्यक्रम संपल्यावर कुणी उठलंच नाही, गाणी उजाडेपर्यंत चालू राहिली. हिशेबवाल्या बाईंना मंचाच्या पायऱ्या झेपल्या नसत्या म्हणून त्या घरी टीव्हीपुढे होत्या. परत आल्यावर त्यांनी आम्हा आल्टोंना विचारलं, ‘तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला झोपला होतात का?’ हजारो आवाजांतून त्यांना आमचा आवाज कसा ऐकू आला, देव जाणे. खरं सांगायचं तर ऐकू आला होता.

आता माणसं. कुणी राहिलं तर मला झोप लागणार नाही. दर मंगळवारी मादोनाहून स्वतःच्या पेट्रोलनं येणाऱ्या आमच्या संचालिका. गाण्यांचे कागद टाइप करून देणाऱ्या वाचनालयाच्या बाई. टेकडीवरचं गवत कापणारा आणि शेकोटीची लाकडं आणणारा ट्रॅक्टरवाला, तोच तो तिसरा बेस. चीजसाठी दूध देणारं गोठ्याचं जोडपं. पीरागी भाजणाऱ्या दोघी बहिणी, एकमेकींशी बोलत नसल्या तरी एकाच ओव्हनवर. बंद शाळेच्या आचारीणबाई, मोठी पातेली अजून त्यांच्याच ताब्यात. लोकवेशाच्या घागऱ्यांच्या चुण्या इस्त्री करणाऱ्या आजी. मध देणारे काका. माइकवाला मुलगा. वृंद येईपर्यंत बस थांबवून धरणारा चालक, त्याला त्याबद्दल बोलणी बसतात. रात्री उशिरा मीठ संपल्यावर दुकान उघडणाऱ्या बाई. शेकोटीपाशी पाण्याची बादली घेऊन एक थेंबही न पिता उभा राहणारा अग्निशमनवाला. सासूबाई. नवरा, यमकांसाठी. आणि हो, बाकं उचलणारी दोन मुलं, आता उंच झाली आहेत, पुढच्या वर्षी रीगाला जातील.

बाकांवरून आठवलं. वाचनालयाच्या बाई हा लेख भाषांतर करून वाचणार हे मला ठाऊक आहे, म्हणून इथेच सांगते: गेल्या लीगोची दोन लांब बाकं अजून परत आलेली नाहीत. कुणाच्या सफरचंदाच्या झाडाखाली आहेत हे सगळ्या गावाला दिसतं. शनिवारच्या ताल्काला ती घेऊन यावीत, सकाळी नऊला. नाही आली, तर यंदाच्या २३ जूनसाठी त्यांच्यावरच्या दोन ओळी माझ्याकडे तयार आहेत, आणि उरलेल्या दोन हिशेबवाल्या बाईंकडे.