आमची वाटचाल: सिनेमाची पहिली दोन मिनिटं

आमचा स्टुडिओ सिनेमाची टायटल्स करतो. म्हणजे सुरुवातीला नावं येतात ती, शेवटी वर सरकत जातो तो रोल, आणि मधेच कुठे "सहा महिन्यांपूर्वी" अशी पाटी लागली तर तीसुद्धा. नवीन कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, एवढ्यासाठी वेगळी कंपनी लागते का, एडिटरच टाकतो ना नावं? टाकतो की, आणि कित्येक सिनेमांना तेवढं पुरतंही. जिथे पुरत नाही तिथे आमचं काम सुरू होतं, आणि बरीच वर्षं आमचं पोट त्याच्यावर चाललंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

सुरुवात झाली ती शेवटच्या रोलपासून. आम्ही दोघं पार्टनर, मी अक्षरांतला आणि तो अ‍ॅनिमेशनमधला, आणि पहिली कामं आली ती सगळी एंड रोलची, कारण एंड रोल कोणालाच करायचा नसतो. शेकडो नावं, रोज बदलणारी यादी, आणि एवढं करून मोठ्या पडद्यावर तो थरथरतो. हे थरथरणं का होतं ते सांगतो कारण आमचा धंदा त्याच्यावरच उभा राहिला. सिनेमा चालतो सेकंदाला 24 फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नावं किती पिक्सेल वर सरकतात तो आकडा पूर्ण असला, 2 किंवा 3 किंवा 4, तर रोल गुळगुळीत जातो, आणि 2.7 वगैरे आला की अक्षरांच्या कडा दर फ्रेमला पिक्सेलच्या वेगळ्याच भागावर पडतात आणि बारीक अक्षरं लुकलुकायला लागतात. म्हणजे रोलचा वेग मनाला येईल तो ठेवता येत नाही. 1080 पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये 3 ने गेलात तर एक नाव खालून वर जायला 15 सेकंद, 4 ने गेलात तर सव्वाअकरा, मधलं काही मिळत नाही. प्रोड्यूसर म्हणाला रोल अमुक मिनिटांत संपवा, की आपण वेगाला हात लावायचा नाही, ओळींमधलं अंतर, फॉन्टचा आकार, दोन कॉलम की तीन, हे हलवायचं आणि बेरीज जमवायची. हे आम्ही मनापासून केलं आणि "यांचा रोल थरथरत नाही" असं एडिटर लोकांत पसरलं, त्या एका वाक्यावर आमची सुरुवातीची सगळी कामं आली.

मग त्यातल्याच एका एडिटरने विचारलं, सुरुवातीची नावं पण कराल का. आणि इथून खरी वाटचाल सुरू झाली, कारण शेवटच्या नावांना माणसं उठून चाललेली असतात आणि सुरुवातीच्या नावांना माणूस नुकता येऊन बसलेला असतो, अजून त्याचं लक्ष दिवसभराच्या कामात असतं, त्याला तिथून उचलून सिनेमात आणायचं असतं, आणि तेही कथेतलं काही न सांगता.

आम्ही तेव्हा जुनी टायटल्स अक्षरशः फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघितली. सॉल बास या अमेरिकन टायटल डिझायनरपासून सुरुवात केली, सगळेच करतात. 1955 च्या "द मॅन विथ द गोल्डन आर्म" मध्ये त्याने काळ्या पडद्यावर फक्त पांढऱ्या पट्ट्या आणल्या, वेड्यावाकड्या, कागद कापल्यासारख्या, आणि शेवटी त्यांचाच एक वाकडा हात होतो. विषय व्यसनाचा, पण सुई नाही, चेहरा नाही, काही नाही. त्या काळी नावं चालू असताना थिएटरचा पडदा बंदच असायचा, नावं संपली की उघडायचा, तर या सिनेमाच्या रिळांच्या डब्यांवर सूचना गेली होती की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो. नावं हा सिनेमाचाच भाग आहे हे आधी प्रोजेक्शनवाल्याला सांगावं लागलं होतं!

1960 च्या "सायको" मध्येही पट्ट्याच आहेत, पण तिथे त्या आडव्या-उभ्या सुसाट घुसतात, नाव मधून चिरलं जातं, सरकतं, जुळतं न जुळतं तोच पुसलं जातं, आणि बर्नार्ड हरमनचं संगीत सगळं फक्त तंतुवाद्यांवर. रक्ताचा थेंब नाही तरी माणूस खुर्चीत आखडतो. दोन्हीकडे पट्ट्या, दोन्हीकडे एकच डिझायनर, मग फरक कशाने पडला? आम्ही ते आवाज बंद करून बघितलं, परत नुसता आवाज ऐकला, आणि आमच्या लक्षात आलं की फरक वेळेचा आहे. नाव किती फ्रेममध्ये येतं, किती थांबतं, कसं जातं, पुढचं नाव कधी येणार याचा अंदाज बांधता येतो की नाही. चित्र, रंग, फॉन्ट हे नंतरचं. एकदा हे डोक्यात बसलं आणि आमची काम करायची पद्धतच बदलली, आम्ही आता पहिला आठवडाभर फॉन्ट उघडतच नाही, राखाडी चौकोन टाकतो नावांच्या जागी आणि फक्त त्यांचं येणं-जाणं बसवतो. चौकोनांनी मूड आला तर अक्षरांनी येणारच.

नवीन दिग्दर्शक आला की आम्ही एक टेस्ट दाखवतो. एका रिकाम्या कॉरिडॉरचा शॉट आहे, कॅमेरा हलत नाही, टोकाला बंद दार, त्यावर नंबर, वर एक ट्यूबलाइट, बस. शॉट तोच, नावं तीच, टायटल्स तीन प्रकारची. पहिल्या प्रकारात नाव बरोब्बर मधोमध, अक्षरं बारीक आणि सुटी सुटी, उमटायलाच दोन सेकंद घेतात आणि उमटल्यावर अक्षरांमधलं अंतर वाढत राहतं, इतकं हळू की हलतंय हे डोळ्याला कळत नाही, फक्त काहीतरी ठीक नाहीये एवढं वाटतं, आणि आवाज नुसता ट्यूबचा. दुसऱ्यात जाड गोलसर अक्षरं वरून टपकन पडतात, एकदा उसळतात आणि स्थिर होतात, संगीताच्या ठेक्याच्या एक-दोन फ्रेम आधी, कारण बरोब्बर ठेक्यावर पाडलं तर आम्हाला ते कायम उशिरा पडल्यासारखं वाटलंय. तिसऱ्यात नाव लहान, डाव्या खालच्या कोपऱ्यात, टाइपरायटरच्या अक्षरात, फेड वगैरे काही नाही, कट करून आलं आणि कट करून गेलं.

लोक लगेच ओळखतात, हॉरर, कॉमेडी, पोलिस तपास. त्यात नवल नाही. मी पुढचा प्रश्न विचारतो, दाराकडे बघताना काय वाटत होतं? आणि इथे मजा येते. पहिल्या वेळी लोकांना ते दार उघडू नये असं वाटत होतं, दुसऱ्या वेळी त्यातून कोण बाहेर येतंय याची वाट बघत होते, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी दारावरचा नंबर वाचलेला असतो. बाकी दोन वेळा नंबर होता हे बऱ्याच जणांना आठवतच नाही. तोच शॉट, पण बघणाऱ्याची नजर वेगळीकडे गेली. टायटल्स जॉनर, म्हणजे सिनेमाचा प्रकार, सांगतात असं सगळे म्हणतात, माझं म्हणणं असं की टायटल्स प्रेक्षकाला कुठे बघायचं ते शिकवतात, आणि जॉनर त्यातून आपोआप कळतो.

म्हणून मला जॉनरचे गणवेश आवडत नाहीत. भुताचं म्हणून ओघळणारी लाल अक्षरं, प्रेमकथा म्हणून वळणदार हस्ताक्षर, अंतराळ म्हणून बारीक भौमितिक अक्षरं. याने पोस्टरचं काम होतं, पण पोस्टर बघूनच माणूस आत आलाय, त्याला तेच परत कशाला सांगायचं. "एलियन" (1979) मध्ये बघा, नाव एकदम येतच नाही. अंतराळात कॅमेरा संथ सरकतोय आणि वर एकेक उभी-तिरकी रेघ उमटत राहते, बराच वेळ ती अक्षरं आहेत हेच समजत नाही, आणि समजेपर्यंत आपण पडद्यावर काहीतरी शोधायला लागलेलो असतो, जे पुढे सिनेमाभर करायचंय. किंवा "डॉक्टर स्ट्रेंजलव्ह" (1964), पाब्लो फेरोने हाताने काढलेली उंच किडमिडी अक्षरं, मागे एक विमान दुसऱ्या विमानात हवेतच इंधन भरतंय आणि संगीत चक्क प्रेमगीताची धून. विषय अणुयुद्धाचा. या सिनेमात हसायचंय आणि हसताना बरं वाटणार नाहीये, हे दोन्ही तिथल्या तिथे कळतं.

आणि सगळ्यात शांत उदाहरण सत्यजित राय यांच्या "चारुलता" चं, तेही 1964 चंच. नावं चालू आहेत आणि एक बाई रुमालावर एक अक्षर भरतेय, हात आणि सुई, एवढंच. वेळ भरपूर आहे, घर मोठं आहे, आणि हिच्याशी बोलायला कोणी नाही, हे सगळं त्या टाक्यांच्या वेगातून कळतं. राय स्वतः जाहिरात संस्थेत ग्राफिक डिझायनर होते, अक्षरं त्यांच्या हातातली होती, त्यामुळे नाव कुठे ठेवायचं हे त्यांना कोणी सांगायला लागत नव्हतं.

आमच्या कामांपैकी एकाबद्दल जरा सविस्तर सांगतो. एका कुटुंबाची गोष्ट होती, पहिला अर्धा भाग हसताखेळता आणि मग घरातला एक माणूस निघून जातो. दिग्दर्शक ताईंना टायटल्स प्रसन्न हवी होती, प्रोड्यूसरना भीती होती की मग प्रेक्षक नंतर फसवल्यासारखा चिडेल. दोघांचंही बरोबर होतं. आम्ही घराच्या आतले शॉट मागितले, भरपूर ऊन, खिडकी, चपला, उघडं पुस्तक, टेकून ठेवलेली सायकल, सगळं छान, फक्त कुठल्याच शॉटमध्ये माणूस नाही. आणि नावं आम्ही जिथे माणूस असायला हवा तिथे ठेवली. खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर नाव, दारातून येणाऱ्याचं डोकं जिथे दिसेल तिथे नाव, पलंगाच्या एकाच बाजूला नाव. संगीत प्रसन्नच. दुसऱ्या अर्ध्या भागात तीच खुर्ची रिकामी दिसते तेव्हा प्रेक्षकाने ती रिकामी आधी बघितलेली असते, त्याला आठवत नसेल तरी. ताईंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, परत एकदा लावा म्हणाल्या, आणि प्रोड्यूसरनी तिथेच होकार दिला. या कामाने आम्हाला पुढची बरीच कामं दिली.

देवनागरीचं वेगळं सांगायला हवं कारण त्याने आमची झोप घालवलीये. इंग्रजी नाव अक्षर-अक्षर सुटं करून उडवता येतं, आपल्याकडे शिरोरेषा आहे. अक्षरं एकमेकांपासून लांब केली की रेष तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, जोडाक्षरं मधून कापता येत नाहीत, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, मग "कि" टाइप होताना आधी काय दिसायचं? सॉफ्टवेअरमधले तयार अ‍ॅनिमेशन प्रीसेट हे सगळं चुरगाळून टाकतात. आम्ही शेवटी शिरोरेषेलाच कामाला लावलं. आधी रेष येते आणि अक्षरं तिला खाली लटकत उमटतात, रेष किती वेगाने ओढली जाते त्यावर मूड. हॉररला रेष आधी येऊन थांबते आणि खाली काहीच येत नाही, बराच वेळ. ही आता आमची ओळख झालीये असं लोक म्हणतात, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

धंद्याच्या बाजूचं थोडक्यात. नावांचा क्रम, आकार, कोणाचं नाव एकटं येणार आणि कोणाचं जोडीने, हे सगळं कराराने ठरतं, त्यात आमची कलाकारी चालत नाही, म्हणून डिझाइन करायच्या आधी आम्ही ती यादी मागतो आणि नावं एका शीटमधूनच थेट उचलली जातील अशी फाइल बांधतो, शेवटच्या रात्री स्पेलिंग बदललं तरी एकच खाना बदलतो. दुसरं, फुकट स्टाईलफ्रेम, म्हणजे टायटल्स कशी दिसतील ते दाखवणारी नमुना चित्रं, देत नाही. एका निर्मात्याने आमच्या सादर केलेल्या फ्रेम घेऊन काम दुसऱ्याकडून करून घेतलं, तेव्हापासून पहिल्या फ्रेमचे पैसे आधी, मग माणूस कितीही ओळखीचा असो. काही कामं यामुळे गेली, जाऊ देत.

आणि हल्लीचा प्रश्न, सिरीजच्या टायटल्सवर येणारं ते "स्किप" बटण. मला त्याचा राग येत नाही. दहा भाग सलग बघणाऱ्याने दहा वेळा तेच का बघावं? आम्ही आता सिरीजवाल्यांना दोन आवृत्त्या देतो, पहिल्या भागाला पूर्ण, बाकीच्यांना आठ-दहा सेकंदांची, आणि त्या छोटीत पूर्ण आवृत्तीतली एकच हालचाल ठेवतो, जी बघितली की बाकीची आठवते. बोट बटणापर्यंत पोचायच्या आत ती संपलेली असते.

सध्या एका थ्रिलरचं काम चालू आहे. "सेव्हन" (1995) मध्ये काइल कूपरची टायटल्स एकदम सुरुवातीला नाहीत, एक प्रसंग होतो आणि मग ती येतात, खुनी दिसत नाही पण त्याचे हात दिसतात, वह्या शिवणारे, कापणारे, आणि फिल्मवर ओरखडून काढलेली अक्षरं. आमच्या दिग्दर्शकाला टायटल्स त्याहून उशिरा हवीत, पंधराव्या मिनिटाला, पहिला खोटा जबाब संपल्यावर. मला ती बाराव्या मिनिटाला हवीत, जबाब चालू असताना मधेच, म्हणजे माणूस बोलायचा थांबलाय आणि नावं चालू आहेत आणि प्रेक्षक त्या वेळात त्याचं बोलणं तपासत बसलाय. एडिटरने दोन्ही कट पाठवलेत, राखाडी चौकोन बसवून झालेत, पुढच्या आठवड्यात मोठ्या पडद्यावर दोन्ही लावून बघणार आहोत.