उसाचा पाला पेटवू नका, आमच्या भेंडीला द्या

कोल्हापुरातनं शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की आंबेवाडी येते आणि वडणग्याच्या बाजूला उसाची रानं पसरत जातात. त्या उसाच्या मधोमध, ओढ्याच्या कडेला एक सखल पट्टी आहे. तिथं ऊस टिकत नाही. पंचगंगा फुगली की पाणी सगळ्यात आधी इथं शिरतं आणि सगळ्यात शेवटी इथनं उतरतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठायच्या कितीतरी आधी आमची पट्टी पाण्याखाली गेलेली असते. इतके दिवस पाण्यात उभा राहिल्यावर ऊस कुजणारच. म्हणून रानाचे मालक आबा ती पट्टी शहरातल्या चार-पाच घरांना भाजीपाल्याला देतात, प्रत्येकाला दोन-दोन गुंठे. खंड घेत नाहीत. मोटारीच्या बिलातला वाटा द्यायचा आणि पहिल्या तोड्याची भाजी त्यांच्या दारात पोचवायची, एवढाच व्यवहार. "मिरगापर्यंत तुमची, म्होरं नदीची," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय.

दिवाळीनंतर आबा तिथं जनावरांसाठी मका करतात. तो कापला की रान आमच्या ताब्यात येतं. त्यामुळं आमचा हंगाम महाशिवरात्रीला सुरू होतो आणि मृगाला संपतो. वर्षातले सगळ्यात तापलेले महिने तेवढे आमच्या वाट्याला. जमीन मात्र सोन्यासारखी. पुरानं आणून टाकलेली मळीची काळी माती, 2019 च्या आणि 2021 च्या महापुराचा गाळ तिच्यात मुरलेला. खताची फारशी ओढ नाही. ओढ आहे ती पाण्याची.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. सकाळी उजाडताना रानात, मग घरी येऊन आंघोळ, डबा घेऊन कारखान्यात. एवढ्या वेळात दोन गुंठे सांभाळायचे तर पिकं निवडूनच घ्यावी लागतात. वांगी आणि मिरची मी लावत नाही. ती रंगात येईपर्यंत मृग दारात उभा असतो. भेंडी, गवार, काकडी, दोडका, माठ, थोडी मेथी-कोथिंबीर, बास. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून सरीच्या बगलेला टोकतो, दोन झाडांत वीतभर अंतर ठेवून. गवार जवारीच, म्हणजे गावरान, शेंगेवर लव असलेली. बाजारातल्या लांबसडक गुळगुळीत गवारीएवढी ती लागत नाही, पण शेंगदाण्याचं कूट आणि कांदा-लसूण चटणी घालून केलेली तिची भाजी ज्यानं खाल्ली, तो दुसऱ्या गवारीकडं वळून बघत नाही. मेथी-कोथिंबिरीला मोकळं ऊन सोसत नाही. त्यांचे वाफे दोडक्याच्या मांडवाखाली करायचे. तरी कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून एकदम न टाकता थोडी थोडी टाकत राहतो.

आता पाण्याचं. ओढा एप्रिलात आटतो. आबांची मोटार आहे नदीवर. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात तोवर नदीला पाणी दिसतं, पण उन्हाळा चढला की धरणातनं पाणी मोजून सुटतं आणि मधेच उपसाबंदी लागते. त्यात शेतीची लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. आबांचा ऊस आधी भिजणार, मग आमच्या पट्टीकडं दार मोडणार, आणि हे बरोबरच आहे, रान त्यांचं आहे. पण त्यामुळं पाणी पाजायची आमची पाळी कधी आठ दिवसांवर जाते, कधी बारा. उन्हाळी भेंडीला तीन-चार दिवसांनी ओल दाखवावी लागते. काळी जमीन वाळली की भेगाळते, भेगांतनं आणखी खोलवरची ओल उडते आणि बारीक मुळं तुटतात. एवढं अंतर पडलं की झाड मरत नाही, पण थांबतं. फूल गळतं, शेंग दोराळ होते.

याचं उत्तर आमच्या चारी बाजूंना पडलेलं असतं. तोडीची टोळी येऊन गेली की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना जातं, मोळ्या ट्रॅक्टरवर चढतात आणि मागं रानात गुडघाभर पाला राहतो. एकरी तीन-चार टन तरी. आणि मग संध्याकाळी त्याला काडी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुलावर उभं राहिलं तर चिखलीकडनं, वडणग्याकडनं, नदीपलीकडनं धुराचे लोट उठलेले दिसतात. शुक्रवार पेठेत आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी कात्रणं येऊन पडतात. मला ते बघवत नाही. वर्षभर पाणी पिऊन, खत खाऊन उसानं जे तयार केलं त्यातला केवढा तरी भाग अर्ध्या तासात धूर होतो, शिवाय मातीच्या वरच्या थरातले जीवजंतू भाजून निघतात ते वेगळंच.

आबांना पाला मागितला तर ते म्हणाले, "न्या की. तेवढाच पेटवायचा वाचला."

तेव्हापासून दर वर्षी तोड सुरू असतानाच आमच्या पट्टीला पुरेल एवढा पाला बांधावर ओढून ठेवतो. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजेच, पाल्याच्या कडा हात चिरतात. ढीग उचलायच्या आधी काठीनं हलवून घ्यायचा, खाली विंचू किंवा साप असू शकतो. घाई मात्र करायची नाही. बी टोकल्या टोकल्या पाला टाकला तर कोंब खालीच पिवळा पडतो. भेंडी चार पानांवर आली की एक भांगलण करून तण काढायचं, पाणी पाजायचं आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की पाला अंथरायचा. टाकताना वीतभर जाड दिसतो, आठवड्यात बसून चार बोटांवर येतो. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर बुडखा सतत ओला राहून कुजतो. सगळ्या सऱ्या भरायच्या नाहीत. एक आड एक सरी पाल्याची आणि मधली पाण्याची, म्हणजे पाणी तुंबत नाही. वरनं शेणकाला शिंपडायचा. नुसता कोरडा पाला वाळवीला आवडतो, शेणकाला पडला आणि ओल धरली की तो कुजायच्या मार्गाला लागतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी भर दुपारी मुद्दाम जाऊन बघितलं. पाणी येऊन नऊ-दहा दिवस झाले असतील. बांधावर चप्पल काढायची सोय नव्हती, इतकी माती तापलेली. जिथं पाला नव्हता तिथल्या भेगेत माझी दोन बोटं पेरापर्यंत गेली. दोन पावलांवर पाल्याच्या सरीत गुडघ्यावर बसलो आणि थर बाजूला केला. वरची पानं कडकडीत पांढरी. त्याखालची तपकिरी, लोळागोळा झालेली, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली बुरशीचे पांढरे बारीक धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे मातीवर पसरलेले. आणि माती गार. मुठीत दाबली तर गोळा झाला, बोटानं टिचकी मारली तर फुटला. म्हणजे त्या उन्हातही वाफसा टिकून होता. गांडुळाची रवाळ विष्ठा सगळीकडं. एक गांडूळ उघडं पडलं, ते क्षणात आत गेलं. मी पाला जसा होता तसा परत पांघरला.

शेजारच्या पट्टीवर गंगावेशीतल्या एक आक्का आहेत. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी बसलेला आहे, माठाची त्यांच्यासारखी पेंडी कुणाची होत नाही. त्या आधी म्हणाल्या होत्या, "हे काय हांतरलंयस रं? उंदरं घर करतील की त्यात." त्यांचं खोटं नव्हतं. काकडीच्या आळ्यात पाला जाड झाला की उंदीर येतात आणि जमिनीला टेकलेली काकडी कुरतडतात. म्हणून काकडीला पाला पातळ टाकायचा आणि वेल तुऱ्हाटीवर चढवायचा, हे त्यांचंच सांगणं. भेंडी आणि गवारीत तो त्रास नाही. यंदा आक्कांनी आपल्या भेंडीत अर्ध्या सऱ्यांना पाला टाकला आणि उरलेल्या मोकळ्या ठेवल्या. कुणाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, आपल्या रानात बघायचं, हा त्यांचा खाक्या मला फार आवडतो.

टोकल्यापासून दीड महिन्यात भेंडी तोड्याला येते. मग एक दिवसाआड तोडावी लागते. सकाळी दव असतानाच, कारण ऊन चढलं की झाडाची लव अंगाला खाजते. शेंगेचं टोक अंगठ्यानं मोडायचं. कट्टकन मोडलं तर घरात, वाकलं तर आबांच्या म्हशीला. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते तेव्हा आमची पट्टी पुऱ्या भरात असते. पन्हाळ्याच्या रस्त्यानं सासनकाठ्या जातात, हलगी वाजत असते, चांगभलंचा गजर उसाच्या फडावरनं आमच्यापर्यंत येतो. त्या दिवशी आम्ही सगळ्या घरांनी बुट्टीभर जवारी काकड्या रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवल्या होत्या, सोबत मिठाची पुडी. उन्हातनं चालत आलेल्या माणसानं काकडी चावली की त्याच्या तोंडावर जे दिसतं, त्यासाठी मी हा सगळा खटाटोप आनंदानं करीन.

पाल्यानं सगळं होतं असं मात्र कुणी समजू नये. भेंडीवर हळद्या येतो तो येतोच. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पूर्ण पान, मग शेंगही फिकी. तो विषाणू पांढऱ्या माशीमुळं पसरतो आणि लागलेल्या झाडाला औषध नाही. दिसलं झाड की उपटायचं आणि बांधाच्या बाहेर न्यायचं. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावतो आणि पाच टक्के निंबोळी अर्क मारतो. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी फडक्यानं गाळून घ्यायच्या. बियाणं रोगाला लवकर दाद न देणारं घ्यावं, परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. दोडक्याला फळमाशीचा सापळा लागतो. पाण्याची ओढ न बसलेलं झाड या सगळ्याला जरा जास्त तोंड देतं, एवढंच मी छातीठोक सांगेन.

वळवानं यंदा दोडक्याचा मांडव एका बाजूनं बसवला. संध्याकाळी वारं सुटलं, टपोऱ्या गारा पडल्या आणि पाऊण तासात आभाळ मोकळं. सकाळी गेलो तर उघड्या वाफ्यांवर पाण्याच्या माऱ्यानं पापुद्रा धरला होता, माती ओढ्याच्या दिशेनं वाहून गेली होती. पाल्याच्या सऱ्यांत पाणी जागच्या जागी मुरलं होतं. भेंडीची पानं गारांनी फाटली, पण शेंड्यांनी आठवड्यात नवी पानं काढली.

मे संपताना सगळं काढावं लागतं. मांडवाचे बांबू, तारा, सापळे, सगळं आबांच्या गोठ्याच्या माळ्यावर. राहिलेला पालाही रानात सोडून चालत नाही, पहिल्या पुरात तो तरंगून जाईल. जो कुजून काळा झालाय तो खोऱ्यानं मातीत मिसळतो, अर्धवट राहिलेला बुट्ट्या भरून उकिरड्यावर टाकतो. बियाण्याच्या काकड्या आणि गवारीच्या वाळलेल्या शेंगा त्याआधीच घरी गेलेल्या असतात.

यंदा आबांनी स्वतःच्या खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा फुटणाऱ्या पिकात, थोडा पाला न पेटवता ठेवला. सगळ्या रानात ठेवायची त्यांची तयारी नाही आणि त्यांची भीती मला पटते. शेजारच्यानं त्याच्या रानात पेटवलं आणि वारा फिरला तर राखून ठेवलेला पाला आणि वर आलेला कोवळा खोडवा दोन्ही जळून जाईल. त्यावर शेजारच्याशी बोलणं, बांधालगतचा पट्टा पाला काढून मोकळा करणं आणि तिथं आधी पाणी फिरवणं, एवढंच हातात आहे. पाला रानातच कुजवायचा हिशोब त्यांना कागदावर लिहून दिलाय. टनभर पाल्याला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाला कुजवणारं जिवाणू खत. पालाही एक आड एक सरीत. खोडव्याच्या तोडीपर्यंत बघू म्हणालेत. ऊस कसा येतो ते तेव्हा इथंच लिहीन. तोवर नदीकाठच्या कुणाला पुढच्या उन्हाळ्यात भाजी करायची असेल, तर तोड सुरू व्हायच्या आधी रानमालकाच्या कानावर घालून ठेवा. टोळी गेली त्याच संध्याकाळी काडी लागते.