गायला मोकळीक, पाठवायला अडसर

रविवार, रात्री

जर्मन संगीतकार बाखची एक छोटी रचना पियानोवर वाजवून दुपारी इंटरनेटवर टाकली. संध्याकाळी कुणा कंपनीचा दावा आला : हे ध्वनिमुद्रण आमचं आहे! बाख १७५० साली गेला, त्याच्या सुरावटीवर आज कुणाचीच मालकी नाही. पण ती नव्यानं वाजवून कुणी ध्वनिमुद्रित केली, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. स्वर तेच, लय जवळपास तीच. जुळवणी करणाऱ्या यंत्राला वाजवणारे हात निराळे आहेत हे कळलं नाही. हरकत नोंदवली आहे.

कायद्यावर माझा राग नाही. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत आपलीच रचना वाजतेय हे ऐकून एर्नेस्त बूर्झे या रचनाकारानं पेयाचे पैसे द्यायला नकार दिला. माझं संगीत फुकट, तर तुमचं पेयही फुकट! प्रकरण कोर्टात गेलं, बूर्झे जिंकला, आणि त्यातूनच १८५१ मध्ये रचनाकारांसाठी मानधन गोळा करणारी सासेम ही संस्था उभी राहिली. मला हा माणूस फार आवडतो. अशा संस्थांमुळेच सभागृह एकरकमी फी भरतं आणि आम्ही हौशी मंडळी तिथं निर्धास्त गातो.

अडतं ते पुढे. तेच गाणं ध्वनिमुद्रित करून वाटायचं तर प्रती काढण्याची परवानगी, व्हिडिओ केला तर गाणं चित्राला जोडण्याची निराळी, शब्दांचं भाषांतर केलं तर आणखी एक. पैसे घेतले नाहीत, मूळ कलाकारांची नावं दिली, म्हणून सुटका होत नाही. काही संकेतस्थळांचे प्रकाशकांशी करार असतात. तिथं गाणं राहतं, जाहिरातीचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं. ते मला मनापासून मान्य आहे. पण करार नसेल तिथं विचारायचं कुणाला? गीतकार एक, संगीतकार दुसरा, प्रकाशक तिसराच. बर्न करार या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो, अनेक देशांत ७०. म्हणजे वारसही शोधायचे.

सभागृहाला जशी एकच खिडकी आहे, तशी घरी बसून गाणाऱ्यालाही हवी. माफक फी, लगेच पावती. मी आनंदानं भरेन.

एका गाण्यासाठी प्रकाशकाला पत्र लिहिलंय, उत्तर नाही. शनिवारच्या कार्यक्रमात ते गाईन, सभागृहाकडे परवाना आहे. तेवढं गाणं ध्वनिमुद्रित करू नका, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.