बग्राम आणि लॉकवायर

१७ ऑगस्ट २०२१, मंगळवार. कोविडमुळे आमचे वर्ग ऑनलाइनच चालले होते. वायुसेनेत वीस वर्षं हेलिकॉप्टरच्या देखभालीत काढून मी नागपुरात तेच काम शिकवायला लागलो होतो. त्या दिवशीचा विषय लॉकवायर. पण दोनच दिवसांपूर्वी अफगाण फौज ढासळून तालिबानने काबूल घेतलं होतं, आणि पोरांनी आदल्या रात्री तिथल्या विमानतळाचा व्हिडिओ पाहिला होता, धावत्या विमानाला लटकलेली माणसं. तारेत कुणाचंच लक्ष नव्हतं.

"सर, तीन लाखांची फौज होती म्हणते, मग लढली काऊन नाही?" भंडाऱ्याच्या पोराने विचारलं.

हा प्रश्न मला टाळवेना. मी बोल्टला बांधलेली तार कॅमेऱ्यासमोर धरली. हेलिकॉप्टर सतत थरथरतं, बोल्ट सैल व्हायला बघतो, ही पिळाची तार त्याला धरून ठेवते. नाजूक जागी एकजण काम करतो, दुसरा तपासून सही करतो. मी म्हणालो, अफगाण मेकॅनिकांचा हात एमआय-१७ या रशियन हेलिकॉप्टरवर बसलेला होता. २०१७पासून अमेरिकेने त्यांना आपली ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं दिली आणि त्यांची मोठी दुरुस्ती ठेवली कंत्राटी कंपन्यांच्या माणसांकडे. २०२१ मध्ये अमेरिकी सैन्याबरोबर तीही माणसं गेली. दूरच्या चौक्यांना दारूगोळा, रसद, जखमींना उचलणं, सगळं हवेतूनच चालायचं, कारण रस्ते तालिबानच्या हातात. कित्येक पोलिसांना महिनोन्महिने पगार नव्हता. तीन लाखांतली किती नावं नुसती हजेरीपटावर होती, तो वेगळाच घोळ.

आणि न लढल्याचं म्हणाल, तर वीस वर्षांत साठ हजारांहून जास्त अफगाण सैनिक-पोलीस मारले गेल्याचा अंदाज आहे. त्या पोरांना भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला सगळ्यात लागलं ते बग्राम, काबूलजवळचा अमेरिकेचा मोठा हवाई तळ. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्य रात्रीतून तळ सोडून गेलं. नव्या अफगाण कमांडरला निघायची नेमकी वेळसुद्धा सांगितली नव्हती. आधी लुटारू आत शिरले, मग फौज पोचली. आमच्या हँगरमध्ये शिफ्ट बदलतानाही पुढचा माणूस येईपर्यंत थांबायचं, काय उघडं आहे, काय बांधायचं राहिलंय ते बोट ठेवून दाखवायचं, मगच हात धुवायचे. इथे अख्खा देश सोपवायचा होता. हे सांगताना माझा आवाज चढला, तो मी आवरलाही नाही.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीने माइक सुरू केला. "सर, माझा दादा गडचिरोलीले पोलिसात आहे. जखमीले न्यायला हेलिकॉप्टर येते, एवढ्यावर आई झोपते आमची." जरा थांबून म्हणाली, "तार पुन्हा दाखवा ना."

मी जुनी तार कापून नवी घेतली आणि सावकाश बांधली. इंचाला सहा ते आठ पीळ. ते तिने मोठ्याने मोजले.