वॉर्निंग आली म्हणून लगेच लाईन उडवू नका

ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर काम करायला, नवीन आलेली मुलं वैतागतात, पॅच, म्हणजे कोडमधला बदल, टाकला रे टाकला की माणसाच्या आधी कोड आपोआप तपासणाऱ्या बॉटच्याच ढीगभर कमेंट येतात म्हणून. पण बॉट हवेतच. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, दिवसभर नोकरी करून रात्री रिव्ह्यूला बसतात, त्यांनी काय स्पेस आणि टॅब मोजत बसायचं का?

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच नावाची स्क्रिप्ट आहे, ती पॅच पाठवायच्या आधी आपणच चालवायची असते. त्याहून भारी म्हणजे स्पार्स, कोड न चालवताच चुका शोधणारं टूल, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने 2003 मध्ये सुरू केलेलं. यूजर प्रोग्रामकडून आलेल्या पॉइंटरवर, म्हणजे मेमरीच्या पत्त्यावर, कोडमध्येच खूण करून ठेवायची, मग कोणी तो थेट वापरला की स्पार्स बोंब मारतं. लांबलचक पॅच वाचून डोळे शिणलेले असताना अशी चूक हमखास सुटते.

पण टूल गप्प करणं म्हणजे कोड सुधारणं नव्हे, आणि यासाठी डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनचं प्रकरण प्रत्येकाने वाचायलाच हवं. 2006 मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या, गुप्त की बनवायला लागणाऱ्या रँडम नंबरवाल्या कोडवर व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारं टूल तक्रार करत होतं, की व्हॅल्यू न भरलेली मेमरी वापरताय. म्हणून डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन लाईनी कमेंट करून टाकल्या, म्हणजे बंदच केल्या, आधी ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर विचारलं होतं बरं का, तरीही. दोन्ही लाईनी दिसायला सारख्याच, पण त्यातली एक लाईन गोळा केलेली सगळी रँडम माहिती आत मिसळायचं खरं काम करत होती! ती गेल्यावर बदलणारं असं फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर, उरलं, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका साइजच्या जेमतेम 32,768 वेगवेगळ्या की, एवढ्या तर कोणीही बसून आधीच बनवून ठेवेल. मे 2008 मध्ये हे उघड झालं तोवर डेबियनवरच आधारलेल्या उबुंटूतही तोच कोड गेलेला, आणि जगभर लोकांना दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएच की बदलाव्या लागल्या.

व्हॅलग्राइंड खोटं बोललं नव्हतं हो. फक्त ती लाईन तिथे का आहे हे त्याला कळणार कसं, ते रिव्ह्यू करणाऱ्यानेच बघायचं.

म्हणून ‘वॉर्निंग फिक्स केली’ एवढाच कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची नोंद, असेल तर मी पॅच परत पाठवतो, ती लाईन आधी काय करत होती ते दोन वाक्यात लिहून आणा म्हणतो. आणि वॉर्निंग चुकीची निघाली तर कारण तिथेच कोडमध्ये कमेंट म्हणून टाकायचं, नाहीतर वर्षभराने दुसरं कोणीतरी तीच लाईन उडवायला येतं.