नहपानाच्या गालावर सातवाहनांचा डोंगर

नाशिकला जायचं म्हटलं की कुणी रामकुंड म्हणतं, कुणी त्र्यंबकेश्वर, हल्ली तर द्राक्षबागा आणि वायनरी. माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं. मला पांडवलेण्यांतली १० आणि ३ क्रमांकाची लेणी, अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय आणि सिन्नर तालुक्यातलं जोगलटेंभी एवढंच बघायचं होतं. ही सगळी ठिकाणं माझ्या संग्रहातल्या एका नाण्याला चिकटलेली आहेत, आणि ते नाणं मला बरेच दिवस स्वस्थ बसू देत नव्हतं.

आधी नाणंच सांगतो. चांदीचं, वजनाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, आजच्या रुपयाहून लहान. मुळात पाडलं क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाने, क्षत्रप म्हणजे पश्चिम भारतात राज्य करणारे शक राजे. त्याच्या नाण्यावर एका बाजूला उजवीकडे बघणारा त्याचा चेहरा असतो, भोवती ग्रीक लिपीतला लेख. दुसऱ्या बाजूला वज्र आणि बाण, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या जुन्या लिप्यांतले लेख. माझ्या नाण्यावर नहपानाच्या गालावर कमानींचा एक डोंगर चढून बसलाय. डोंगराखाली नागमोडी रेघ, तिला नदी म्हणतात. नहपानाच्या नाकाचं टोक आणि हनुवटी तेवढी डोंगराच्या कडेने बाहेर आलेली. मागच्या बाजूला वज्राच्या डोक्यावर उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाची खूण आणि तिच्या चारही टोकांना गोल. ब्राह्मीत अर्धामुर्धा लेख उरलाय. पूर्ण उमटलेल्या नाण्यावर तो ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ असा वाचता येतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपला ठसा मारला.

(नवीन संग्राहकांसाठी एक आगाऊ सल्ला: दोन ठसे आहेत म्हणून नाणं खरंच असणार, असं धरून चालू नका. याच्याही ओतीव नकला फिरतात. भिंगातून कड बघा. साच्यातून काढलेल्याच्या कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण दिसते, अंगावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात. घाव घालून पाडलेल्या नाण्याची कड बहुतेक वेळा कुठेतरी तडकलेली असते.)

या पुनर्टंकित नाण्यांबद्दल ठरलेलं वाक्य म्हणजे, विजेत्याने हरलेल्याचं तोंड पुसलं, सूड घेतला. मला ते कधीच पटलं नाही. सूडच घ्यायचा तर इतकं ढिसाळ काम कोण करेल? नाक दिसतंय, ग्रीक अक्षरं दिसतायत, काही नाण्यांवर तर अख्खा नहपान ओळखू येतो. म्हणून म्हटलं, जिथे या दोघांचे लेख शेजारी-शेजारी कोरलेत तिथे जाऊनच बघू.

पांडवलेणी मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर आहेत. पायऱ्या चढून वर आलं की दम जरा घ्यावा आणि सरळ १० नंबरला जावं. हा नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलेला विहार. ओसरीच्या भिंतीवर, वर छताजवळ, लेखाच्या ओळी चालल्यात. मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. पण नाणी जमवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी ही मानदुखी सोसावी, कारण हा दानलेख जवळजवळ हिशेबाची वहीच आहे. उषवदाताने ३,००० कार्षापणांची (हे त्या काळचं नाणं) अक्षय ठेव ठेवली, कुठे, तर गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. करा हिशेब: २,००० वर वर्षाचं व्याज २४०, वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. पैचीही चूक नाही. पुढे देव-ब्राह्मणांना दिलेले ७०,००० कार्षापण येतात आणि लगेच विनिमयाचा दर: ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, म्हणून एकूण २,००० सुवर्ण.

हे कार्षापण म्हणजे बहुधा नहपानाची हीच चांदीची नाणी. म्हणजे माझ्या नाण्याची भावंडं इथे व्याजाने लावली गेली होती! ओसरीत माझ्याशेजारी एक शाळेची सहल उभी होती आणि बाई ‘इथे पांडव राहायचे’ असं सांगत होत्या. मी गप्प राहिलो. पोरांना व्याजाचं गणित ऐकवण्यापेक्षा भीम बरा.

तिथून ३ नंबरला. रचना १० सारखीच, पण थाट जास्त. ओसरीचा सगळा भार यक्षांच्या खांद्यांवर घेतलेला. इथे दोन गोष्टी वाचायच्या. एक, गौतमीपुत्राच्या राजवटीच्या १८व्या वर्षातला आदेश: विजयी सेनेच्या छावणीतून निघालेला, आणि विषय काय, तर पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आता भिक्षूंना दिलं. लढाई जिंकल्या-जिंकल्या सातबारा बदलायला घेतलाय. दुसरी, गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या १९व्या वर्षातला, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख. आपल्या मुलाचं, गौतमीपुत्राचं, वर्णन ती करते, ‘खखरातवसनिरवसेसकर’, क्षहरात वंशाचा निःशेष नाश करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. सगळी गर्जना इथे आहे.

आणि तरी, थोडं चालून मागे गेलं की १० नंबरच्या भिंतीवर नहपानाचं नाव शाबूत आहे. सातवाहनांनी छिन्नी घेऊन ते उडवलं नाही. नाश वगैरे आईच्या लेखात. नाण्यांच्या बाबतीत मात्र मला दिसतो तो कारभार. बाजाराला या वजनाची, या आकाराची चांदी सरावाची होती. श्रेणींकडे ठेवी होत्या, व्याज चालू होतं. सगळं गोळा करून वितळवायचं आणि पुन्हा पाडायचं म्हणजे खर्च, वेळ आणि तोवर बाजारात चणचण. त्यापेक्षा ठसा मारा आणि सोडा बाहेर. कारागिराला नहपानाच्या नाकाचं काही पडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी. डोंगराच्या पायथ्याशी नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाचं नाव या संस्थेच्या उभारणीशी जोडलेलं. आहत, म्हणजे ठोकून चिन्हं उमटवलेल्या, जुन्या नाण्यांपासून कालक्रमाने बघत गेलो की चित्रांची देवाणघेवाण डोळ्यांसमोर येते, आणि मला सगळ्यात जास्त मजा त्यातच वाटते. सातवाहनांच्या तांब्याच्या, शिशाच्या आणि पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांवर हत्ती, सिंह, डोंगर, झाड, पूर्व किनाऱ्याकडच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं गलबत. राजाचा चेहरा नाही. मग क्षत्रपांशी गाठ पडते आणि पुळुमावी, नंतरचा सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी यांची चांदीची नाणी येतात, वजन क्षत्रपांचं आणि वर चक्क राजाचा चेहरा! मागे उज्जैन चिन्ह आणि डोंगर, एका बाजूचा लेख प्राकृतात आणि दुसऱ्या बाजूचा द्राविडी वळणाच्या भाषेत. ज्याच्या तोंडावर ठसा मारला त्याच्याकडूनच तोंड छापायची कल्पना घेतली.

उलटही झालं. नहपानानंतर आलेल्या चष्टनाच्या घराण्याने नाण्याच्या मागच्या बाजूला घेतलं काय? तीन कमानींचा डोंगर, चंद्र आणि तारा. हा डोंगर पुढे पिढ्यान्‌पिढ्या पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर टिकला. चौथ्या शतकाच्या अखेरीस गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने त्यांचा मुलूख घेतला, तेव्हा त्यानेही नाणं जवळपास तसंच ठेवलं आणि डोंगराच्या जागी गरुड बसवला. लेखांतही गंमत आहे. सातवाहन आईचं नाव लावतात, गोतमिपुत, वासिठिपुत. क्षत्रप बापाचं नाव त्याच्या पदवीसकट लावतात आणि पुढेपुढे राजाच्या डोक्यामागे शक वर्षही घालतात. त्या आकड्यांच्या जिवावर त्यांची वंशावळ लागते. सातवाहनांच्या नाण्यांवर वर्ष नाही, त्यामुळे त्यांच्या कालगणनेवर अभ्यासक अजून भांडतायत.

जोगलटेंभीला जाताना दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, द्राक्षं. गाव गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ. १९०६ साली इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक, सगळी नहपानाची. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. रेव्हरंड स्कॉट यांनी ती अभ्यासली. पण मला कायम खुणावतात ती उरलेली चार हजार, ज्यांच्यावर ठसा नाही. ज्याने कुणी हा साठा पुरला त्याने ठशाची आणि बिनठशाची नाणी वेगळी केली नव्हती. त्याच्या लेखी दोन्ही चांदीच. सूडाच्या गोष्टीला माझ्या मते याहून मोठा अडथळा नाही.

बांधावर एक बाबा बसले होते. काय बघायला आलात म्हणाले, तर सांगितलं.

“अन् आता घावली तर? ज्याला घावली त्याचीच ना?”

“नाही बाबा. १८७८ चा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायला लागतं.”

“दहा रुपये?” बाबा हसले. “दहा रुपयांत आता कटिंग चहा येत नाही ओ.”

तेव्हाचे दहा रुपये, असं मी सांगायला लागलो, पण ते उठून पाण्याची बारी बदलायला निघाले होते.